बिनकानाची होडी

९ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. तुझा मामा रिकामा बसलाय आणि रिकाम्या माणसाला कपाटं आवरायची हुक्की येते, एवढंच.

तुझ्या मामीची ती चांदीची होडी आठवते ना? जिच्यात ती बटणं ठेवते तीच. सुट्टीत यायचीस तेव्हा बटणं जमिनीवर ओतून तू ती न्हाणीघरात तरंगवायला न्यायचीस, ती दरवेळी बुडायची आणि तू दरवेळी भोकाड पसरायचीस. काल ती हातात घेऊन बसलो होतो. लग्नापासून ही वस्तू घरात आहे, पण मुळात ती कशासाठी केली असेल हे मी कधी विचारलंच नाही. शेजारच्या दंतवैद्यबाई म्हणतात, जेवताना सॉस वाढायची असणार. मला ते पटत नाही. वाढायच्या भांड्याला धरायला कान हवा, टेकायला बूड हवं. हिला दोन्ही नाही. एका टोकाला चोच, दुसरं टोक गोल आणि मध्ये ओंजळीसारखा खोलगटपणा.

तू त्या लिलावघरात दिवसभर लोकांची जुनी चांदी उलटीपालटी करत असतेस, तर एकदा मामाचंही काम कर. सोबत चित्र पाठवतोय. मापात आहे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याची नजर अजून शाबूत आहे, पण उजवा हात थरथरतो, म्हणून रेघ कुठे भरकटली असेल तर समजून घे. तळाशी बारीक ठसे आहेत. त्यांच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. एक चालणारा कुत्रा आहे, एक जहाजाचा नांगर, एक एकटं अक्षर आणि दोन अक्षरांची जोडी. नांगरावरून मी तर्क लढवला की ही कुठल्यातरी जहाजावर, कप्तानाच्या टेबलावर असणार. कसा आहे?

बाहेर नदीवर धुकं आहे. पलीकडचा काठ सकाळपासून दिसलेला नाही. रंगवणारा तेवढा भाग विसरून घरी गेला असावा असं वाटतं. उत्तर पाठव. घाई काही नाही, पण लवकर पाठव.

तुझा मामा


१४ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार, आणि सिंहाला कुत्रा म्हटल्याबद्दल एक चिमटा. तो पंजा उचलून चालणारा सिंह आहे. होडी जिथे घडली त्या देशात हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी असल्याशिवाय हा ठसा मारून मिळायचा नाही. म्हणजे मामीची होडी अस्सल आहे, वरून मुलामा दिलेली नाही. नांगराची तर गंमतच आहे. चांदी ज्या शहरात तपासली गेली त्या शहराची ती खूण, आणि ते शहर समुद्रापासून इतकं लांब आहे की तिथे होडी कुणी चित्रातच बघितली असेल. तुझा कप्तान बुडाला बघ. एकटं अक्षर म्हणजे वर्ष. ते दरवर्षी बदलायचं, आणि सगळी अक्षरं संपली की नव्या वळणानं पुन्हा पहिल्यापासून. हे वळण साधारण दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. जोडीची अक्षरं घडवणाऱ्याची. त्या जोडीचे कारागीर आमच्या पुस्तकांत एकाहून जास्त आहेत, त्यामुळे त्याचं नाव मी छातीठोकपणे सांगणार नाही.

उपयोगाचं मात्र कोडं आहे. आमच्याकडचे दोघं सॉसच म्हणाले. (तुझ्या दंतवैद्यबाईंना इथे नोकरी मिळेल.) मला शंका आहे, म्हणून तू काही गोष्टी बघून कळव. टेबलावर ठेवली की ती स्थिर राहते की डुलते? चोचीच्या कडेला खळगे आहेत का? आणि बाहेरच्या अंगावर तोंडाची वाफ सोड. चांदी धुरकट झाली की झीज कुठे आहे ते दिसतं. आम्ही असंच बघतो. गिऱ्हाइकाला वाटतं आम्ही चांदीच्या कानात काही सांगतोय.

आता माझा प्रश्न, आणि सरळ उत्तर दे. होडी विकायची आहे का? लोक इथे अगदी असंच लिहितात, "कपाट आवरताना सहज सापडली," आणि पुढच्या पत्रात भाव विचारतात. मामीनं ती मला कबूल केली होती. "इतक्यांदा बुडवलीस, आता तुझीच," असं म्हणाली होती. तुला कदाचित माहीत नसेल. मी मागत नाहीये, पण परक्या माणसाच्या कपाटात ती गेली तर मला रडू येईल, हे आधीच सांगून ठेवते.

आणखी एक. तुझ्या पत्राखाली मामीच्या दोन ओळी नाहीत. "ह्यांच्या अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, जेवत जा," असं काहीतरी असल्याशिवाय तुझं पत्र आजवर आलेलं नाही. फोन केला तर वाजून वाजून गप्प झाला. मामी रुसलीय का माझ्यावर?

भिंगरी


२० ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

विकायची? शुद्धीवर आहेस ना? लिलावघरात राहून तुला सगळं जग हातोड्याखाली दिसायला लागलंय.

फोन मला ऐकू येत नाही, समोरच्याचं बोलणं ओठ बघून कळतं, तुला ठाऊकच आहे. तो मामीच उचलायची आणि तुझं बोलणं माझ्या कानाशी ओरडून सांगायची. "उचलायची" असं लिहिलं आणि हात थांबला. आता लपवण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळ्यापासून ती हळूहळू दूर जातेय. दुखत काही नाही. दिवसभर अर्धवट झोपेत असते, समोरच्या भिंतीवरच्या माझ्या जुन्या पडद्याकडे बघत. आभाळाचा पडदा आहे तो, नाटक कंपनी बंद पडली तेव्हा मी घरी आणून टांगला. कधी म्हणते, "उजाडलं," कधी म्हणते, "दिवे लावा." पडद्यावर मी पहाट रंगवली होती की संध्याकाळ, ते आता मलाही आठवत नाही, म्हणून तिला चूक म्हणता येत नाही. माझ्याशी ती फार अदबीनं वागते, पाहुण्याशी वागावं तशी. काल म्हणाली, "तुम्ही कशाला उभे? बसा ना." भिंगरी, इतक्या वर्षांचा नवरा मी, आणि माझ्याच घरात मला बसायला सांगितल्यावर मी मुकाट्यानं बसलो.

हेही मी सोसलं असतं. पण ती खात नाही. चमचा दिसला की ओठ मिटून घेते. डॉक्टर म्हणतात गिळायला काही अडचण नाही, तिचं मनच नाही. आणखी काही दिवस असंच चाललं तर रुग्णालयात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. तिला तिथे पाठवायचं नाही, भिंगरी. एवढं एकच माझं म्हणणं आहे. ह्या खोलीत, ह्या पलंगावर तिनं काहीतरी खावं.

ती एकच गोष्ट मागते. "होडी आणा." बटणांसकट दिली, तर सगळी बटणं उधळली, अजून पलंगाखाली सापडतायत. पाणी घालून फूल सोडलं, तर छान हसली आणि पुन्हा म्हणाली, "होडी आणा." होडी हातातच आहे आणि ती होडी मागतेय! मग मला वाटलं, ही वस्तू कशासाठी केली ते कळलं तर तिला काय हवंय ते कळेल. तुला म्हणून लिहिलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. ठेवली की डुलते, बराच वेळ डुलत राहते. चोचीच्या कडेला बारीक खळगे आहेत. वाफ सोडली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. चोच समोर धरली तर डाव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, सुईनं टोचल्यासारखे बारीक टिंबटिंब ओरखडे आहेत. बाकी सगळं अंग गुळगुळीत.

मामा


२४ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि चांदीच्या गोदामात जाऊन रडून आले. तिथे रडण्याची सोय चांगली आहे, सगळीकडे आपलंच तोंड दिसतं आणि लाज वाटून माणूस थांबतो. उन्हाळ्यापासून! आणि मी इथे बसून होडी कुणाला मिळणार म्हणून भांडतेय. तुझ्यावर रागावले आहे, तो राग समोर आल्यावर काढीन. ह्या लिलावाची मांडामांड माझ्या गळ्यात आहे. ती उरकली की त्याच दिवशी गाडीत बसते.

आता नीट वाच. होडी डुलते ना? ते चुकून झालेलं नाही. ती टेबलावर ठेवण्यासाठी केलेलीच नव्हती. एका हातात धरायची आणि रिकामी होईपर्यंत खाली ठेवायची नाही, म्हणून तिला बूड नाही. हात तळव्यात धरतो, म्हणून कान नाही. ती भरवायची होडी आहे, मामा. तान्ह्या बाळांना आणि आजारी माणसांना भरवायची. कोमट दुधात पाव कुस्करून पातळ करायचा आणि चोच ओठांना लावून थोडं थोडं आत सोडायचं. कडेचे खळगे दुधाच्या दातांचे आहेत. पहिले दात आले की मुलं मिळेल ते चावतात, आणि ही चांदी पातळ असते.

म्हणजे तिच्यातून कुणीतरी मामीला भरवलंय. मामी होडी मागत नाहीये, जेवायला मागतेय!

दूध-पाव करून बघ. आधी डॉक्टरांना विचार, तिला उशीला टेकवून बसतं कर, आणि घाई करू नकोस. त्या टिंबांचा अर्थ मात्र मला लागला नाही. भरवणाऱ्याच्या बोटात धातूचं काहीतरी खडबडीत असावं. अंगठीचे ओरखडे असे टिंबटिंब नसतात. मामीला लहानपणी कुणी वाढवलं? तिच्या आईबद्दल तिनं मला कधी काही सांगितलं नाही.

भिंगरी


२९ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

डॉक्टरांनी "करून बघा" म्हटलं. मी पाव कुस्करला, दूध कोमट केलं, अगदी तू सांगितलंस तसं. होडी बघून तिचे डोळे उघडले. गेल्या कित्येक दिवसांत असे उघडले नव्हते. मी तिच्या उजवीकडे खुर्ची ओढली, डावा हात मानेखाली घातला, चोच ओठांशी नेली. आणि तिनं तोंड फिरवलं. भिंतीकडे. पलंग त्या बाजूनं भिंतीला लावलेला आहे, तिकडे बघायला रंगाच्या पोपड्यांशिवाय काही नाही, पण ती तिकडेच बघत राहिली, कुणीतरी तिथून येणार असल्यासारखी. माझा हात थरथरला, दूध तिच्या गळ्यावर सांडलं. मी पुसलं. ती म्हणाली, "असू द्या हो, तुम्ही कशाला त्रास घेता." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. भरवायची होडी आहे हे आता मलाही पटलंय, पण भरवणारा मी नाही, असं दिसतं. डॉक्टर पुढच्या आठवड्यात येऊन काय ते ठरवणार आहेत.

तू विचारलंस म्हणून सांगतो. ती तान्ही असतानाच तिची आई गेली. वडील शिंपी होते, त्यांनी एकट्यानं वाढवलं, कातरकाम आणि पोर एकाच टेबलावर. कुणी एक बाई कोट शिवायला आल्या होत्या, त्यांना ह्या बापलेकीची दया आली आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ही होडी दिली. हे मामीनंच कधीतरी सांगितलेलं. मी समजत होतो, टाचण्या ठेवायला दिली असेल. शिंप्याला दुसरं काय देणार? आणि मी बघितली तेव्हा तिच्यात टाचण्याच होत्या. टिंबांचा अर्थ त्यामुळे मला लागला. सासरेबुवांच्या मधल्या बोटात कायम अंगुस्ताना असायचा, सुई ढकलायची ती लोखंडी टोपी. जेवतानासुद्धा काढायचे नाहीत. म्हणजे दोन टाक्यांच्या मध्ये पोरीला भरवत असणार.

मोठा वल्ली माणूस. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा जावयाची परीक्षा म्हणून मला त्यांची मोठी कात्री दिली आणि कापड कापायला सांगितलं. कात्री चालेचना! कापड नुसतं दुमडायचं. सगळे हसत होते. त्या कात्रीनं त्यांच्याशिवाय कुणालाच कापता यायचं नाही, असं नंतर कळलं. मामी त्या दिवशी दाराआड उभी राहून इतकी हसली होती की तिथेच मी ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी.

तो हसण्याचा आवाज आज फार आठवतोय.

मामा


१ नोव्हेंबर

मामा,

हे पत्र हाती देणाऱ्या माणसाला मी जास्तीचे पैसे दिलेत, म्हणून उभ्या उभ्या वाच.

कात्री! ती कात्री डावखुऱ्या माणसाची होती. उजव्या हातात तिची पाती एकमेकांपासून सुटतात आणि कापड दुमडतं. त्यात तुझी काही चूक नव्हती. सासऱ्यांनी तुझी फिरकी घेतली.

आता माझ्या टेबलावर तुझं चित्र आहे आणि हातात आमच्याकडची तशीच एक होडी. चोच समोर केली आणि टिंबं डाव्या अंगाला असतील, तर मधलं बोट तिथे फक्त डाव्या हाताचं पोचतं. मी दोन्ही हातांनी धरून बघितलं. मामीचे बाबा उजव्या हातावर पोरीचं डोकं घ्यायचे आणि डाव्या हातानं भरवायचे. म्हणजे ते नेहमी तिच्या डावीकडे असायचे. तू उजवीकडून जातोयस. तिनं तुझ्याकडे पाठ फिरवलेली नाही, मामा. तिचं जेवण जिकडून यायचं तिकडे ती बघतेय, आणि तिकडे भिंत आहे.

पलंग हलव. तिच्या डावीकडे बस. होडी डाव्या हातात घे.

भिंगरी


५ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

पलंग हलवायला दंतवैद्यबाई आल्या. त्या बारीक दिसतात, पण दात उपटून उपटून हात चांगले तयार झालेत. पलंगाखाली हरवलेली सगळी बटणं निघाली. पलंग आता खोलीच्या मधोमध आहे, भिंतीवरच्या आभाळासमोर, आणि तिच्या डावीकडे खुर्चीपुरती जागा आहे.

तुझ्या पत्रात नव्हतं असं एक मी माझ्या मनानं केलं. मामीच्या शिवणाच्या डब्यात तळाशी सासरेबुवांचा अंगुस्ताना होता. तो डाव्या हाताच्या मधल्या बोटात घातला. जरा घट्ट बसला. मग होडी धरली तर बोट आपसूक त्या टिंबांवर गेलं आणि चांदीवर टिक असा आवाज झाला. अगदी लहानसा आवाज. मला बहिऱ्याला तो ऐकू आला नाही, बोटात कळला. पण तिला ऐकू आला. तिनं मान वळवली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मला भीती होती ती हाताची. डाव्या हातानं मी आयुष्यात कधी काही रंगवलं नाही. तो बिचारा शिडीवर उभं असताना रंगाचा डबा धरायचा, एवढंच. पण भिंगरी, तीस वर्षं निळ्या रंगानं काठोकाठ भरलेला डबा धरलेला हात आहे तो. एक थेंब सांडला नाही. उजवा हात तिच्या मानेखाली होता, तोही तिथे थरथरला नाही.

ती सगळं प्याली. सावकाश, मध्ये मध्ये थांबून, ओठांवरून जीभ फिरवत. संपत आल्यावर चोच दातांत धरून ठेवली आणि मी ओढल्यावर हसली. मग डोळे न उघडता म्हणाली, "बाबा."

इतके दिवस मी मनात एकच गोष्ट धरून होतो, की तिनं एकदा "अहो" म्हणावं. पण बाबांच्या खुर्चीत बसून, बाबांचा अंगुस्ताना घालून मी "नाही, मी बाबा नाही" कुठल्या तोंडानं म्हणणार? मी म्हणालो, "हं. बोल, बाळ."

ती म्हणाली, "आता ह्यांना द्या. सकाळपासून उपाशी आहेत हे."

भिंगरी, मी खरंच सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिला कसं कळलं, मला ठाऊक नाही. मी उठलो, पातेल्यात उरलेला दूध-पाव होडीत ओतला, पुन्हा तिच्याजवळ येऊन बसलो आणि प्यालो. दूध गार झालं होतं. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, मी गिळतोय की नाही ते. शेवटचा घोट गेल्यावर तिला समाधान वाटलं आणि ती झोपली. मी खूप रडलो, ते तुला सांगायला हरकत नाही.

काल सकाळीही प्याली, संध्याकाळीही. डॉक्टर येऊन गेले. नळीचं नाव त्यांनी तूर्त काढलेलं नाही, पुढचं पुढे बघू म्हणाले. कधी मी बाबा असतो, कधी पाहुणा. पण होडी रिकामी झाली की दरवेळी ती विचारते, "ह्यांना दिलं का?" आणि मी दरवेळी पितो. माझं वजन वाढणार असं दिसतंय.

तुझा लिलाव उरकला की ये. जागा आहे. पलंग मधोमध आल्यापासून खोली मोठी वाटते आणि नदीवरचं धुकं थेट आभाळाच्या पडद्यापर्यंत आल्यासारखं दिसतं. राग काढायचा राहिलाय, तोही घेऊन ये.

आणि होडी तुझीच आहे, तिनं कबूल केलेली आहे. फक्त इतक्यात मागू नकोस. सध्या ती वापरात आहे.

तुझा मामा